बातमीतला धर्म: कारण की नुसती ओळख?

११ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी व्हॅटिकनमध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांची कार्डिनलांसोबत, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या सर्वांत वरिष्ठ धर्मगुरूंसोबत, एक औपचारिक बैठक चालू होती. विषय होता काही हुतात्म्यांना संतपद देण्याच्या तारखेचा, आणि अशा बैठकीतून मोठी बातमी निघत नाही हा तिथल्या पत्रकारांचा वर्षानुवर्षांचा अनुभव होता. मात्र ठरलेले काम संपल्यावरही पोप थांबले नाहीत. संथ आवाजात ते लॅटिनमध्ये आणखी काही वाचत राहिले. 'आन्सा' या इटालियन वृत्तसंस्थेच्या बातमीदार जोव्हाना किर्री हे सारे पडद्यावर पाहत होत्या, आणि त्यांना लॅटिन येत होते. वय झाले, शक्ती पुरत नाही, म्हणून आपण पद सोडत आहोत असे पोप सांगत आहेत, हे त्यांना ऐकता ऐकता उमगले. सुमारे ६०० वर्षांत एकाही पोपने पदत्याग केला नव्हता. ती बातमी जगाला सर्वांत आधी 'आन्सा'ने दिली, आणि त्यासाठी कोणताही खबऱ्या लागला नाही की कोणती गुप्त कागदपत्रे लागली नाहीत. समोर जाहीरपणे बोलले जात असलेले शब्द समजणारी एक बातमीदार जागेवर होती, एवढेच पुरले.

धर्माच्या बातम्यांविषयी चर्चा निघाली की ती लगेच पक्षपाताकडे वळते. अमुक माध्यम आमच्या धर्माच्या विरोधात आहे, तमुक त्यांची बाजू उचलून धरते, अशा तक्रारी प्रत्येक देशात आणि प्रत्येक धर्माच्या माणसांकडून ऐकू येतात. पक्षपात असतो, आणि कधी तो ठरवून, पैशासाठी किंवा मतांसाठी केलेला असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही धार्मिक बातम्यांमधल्या बहुतेक चुकांचे मूळ वैरात नसून अज्ञानात, घाईत आणि बातमीच्या ठरलेल्या साच्यात असते असे मला वाटते. वैर ओळखणे सोपे असते, कारण त्याचा सूरच वेगळा लागतो. साचा मात्र रोजच्या सवयीचा असल्यामुळे नजरेत भरत नाही. म्हणून या लेखात भर आहे तो साच्यावर.

सुरुवातीला एक साधा भेद ध्यानात ठेवावा लागेल. बातमीत धर्माचा उल्लेख दोन वेगळ्या कारणांनी येतो. कधी घडलेली गोष्ट खरोखरच श्रद्धेमुळे, धार्मिक नियमामुळे किंवा धर्मसंस्थेच्या निर्णयामुळे घडलेली असते. तिथे धर्म हे कारण असते. कधी ती करणारा किंवा सोसणारा माणूस कोणत्या धर्मात जन्मला एवढेच सांगितले जाते. तिथे धर्म ही फक्त ओळख असते. हे दोन उल्लेख मथळ्यात अगदी सारखे दिसतात, आणि वाचणारा बहुधा दुसऱ्याचा अर्थ पहिल्यासारखा लावतो.

ज्या विषयाला बातमीदार नसतो

क्रिकेटची बातमी लिहिणाऱ्याला पायचीत म्हणजे काय हे ठाऊक असावे लागते, आणि शेअर बाजाराची बातमी देणाऱ्याला नफा आणि उलाढाल यांतला फरक. न्यायालय, महापालिका, गुन्हे, शिक्षण या प्रत्येक क्षेत्राला वृत्तपत्रात स्वतंत्र बातमीदार असतो आणि त्याच्या क्षेत्राला 'बीट' म्हणतात. धर्माचे बीट मात्र जगातल्या बहुसंख्य वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांत कधी नव्हतेच. अमेरिका हा त्यातला ठळक अपवाद आहे. तिथे केवळ धार्मिक बातम्या पुरवणारी 'रिलिजन न्यूज सर्व्हिस' ही वृत्तसंस्था १९३४ पासून काम करते, आणि धर्मविषयक बातमीदारांची स्वतंत्र संघटना १९४९ मध्ये स्थापन झाली. इतरत्र धार्मिक बातमी त्या दिवशी जो मोकळा असेल त्याच्या वाट्याला येते. उत्सव असेल तर शहर बातमीदार जातो, दंगल झाली तर गुन्हे बातमीदार जातो आणि निवडणूक असेल तर राजकीय बातमीदार जातो. प्रत्येकजण आपापल्या चष्म्यातून पाहतो, त्यामुळे एकाच श्रद्धेचे चित्र वाचकापुढे कधी गर्दी म्हणून, कधी गुन्हा म्हणून, तर कधी मतपेढी म्हणून येते. त्या श्रद्धेची माणसे रोज काय करतात, कशावरून आपसांत वाद घालतात, कोणत्या प्रश्नावर त्यांचे त्यांनाच उत्तर सापडत नाही, हे पाहायला कोणी जातच नाही.

बीट नसण्यामागे पैशाचे कारण आहे, तसे एक वैचारिक कारणही आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर शिकल्यासवरल्या वर्गात असा समज पक्का होता की विज्ञान आणि शहरीकरण वाढेल तसा धर्म सार्वजनिक जीवनातून आपोआप मागे सरेल. समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गर यांनी १९६८ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ला सांगितले होते की एकविसाव्या शतकापर्यंत श्रद्धाळू माणसे छोट्या छोट्या पंथांपुरती उरतील. जो विषय संपतच चालला आहे त्यासाठी बातमीदार कोण नेमणार? पुढे १९९९ मध्ये बर्गर यांनी स्वतःच हे मत जाहीरपणे मागे घेतले, ही त्यांची विद्वत्तेची प्रामाणिकता. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१२ च्या अहवालानुसार २०१० मध्ये जगातल्या ८४ टक्के लोकांनी स्वतःला कोणत्या ना कोणत्या धर्माशी जोडलेले होते.

या समजाची किंमत सर्वांत ठळकपणे दिसली ती १९७८-७९ मध्ये इराणात, जिथे क्रांतीने शहाची म्हणजे तिथल्या राजाची सत्ता उलथवली. तेहरानमध्ये काम करणाऱ्या अनेक परदेशी पत्रकारांना शहाचा दरबार, सैन्य, तेलाचे राजकारण आणि डावे गट यांची बारीक माहिती होती, कारण राजकीय बातमीदाराला जिथे पाहायला शिकवतात तिथे ते पाहत होते. या क्रांतीचे नेते ठरलेले, हद्दपार असलेले धर्मगुरू आयातुल्ला खोमेनी यांची प्रवचने मात्र कॅसेटवर भरून देशात येत होती आणि मशिदींमधून हातोहात पसरत होती. राज्यक्रांती मशिदीच्या जाळ्यातून येऊ शकते, ही शक्यताच साच्यात बसत नव्हती.

धक्का बसल्यावर माध्यमांना या घटनेसाठी घाईने एक शब्द हवा होता, आणि त्यांनी इंग्रजीतला 'फंडामेंटलिस्ट' हा शब्द उचलला. हा शब्द मुळात इस्लामचा नाहीच. १९१० ते १९१५ या काळात अमेरिकेतल्या काही प्रॉटेस्टंट ख्रिश्चनांनी श्रद्धेची मूलभूत तत्त्वे मांडणाऱ्या पुस्तिका काढल्या, आणि त्या तत्त्वांसाठी लढायला तयार असणाऱ्यांसाठी १९२० मध्ये त्यांच्यातल्याच एका संपादकाने अभिमानाने हा शब्द घडवला. म्हणजे एका देशातल्या एका पंथाने स्वतःसाठी घेतलेले नाव साठ वर्षांनी दुसऱ्या खंडातल्या, दुसऱ्या धर्मातल्या, अगदी वेगळ्या चळवळीला चिकटवले गेले. मराठीत त्याचा 'मूलतत्त्ववादी' झाला आणि तो इतका रुळला की आता तो वर्णन म्हणून वाचला जातो की शिवी म्हणून, हे सांगणे अवघड आहे. असे शब्द बातमीची जागा वाचवतात, कारण त्यांच्यामुळे चार वाक्यांचे स्पष्टीकरण टळते. नेमके ते टळलेले स्पष्टीकरण वाचकाला हवे असते.

पन्नास माणसांचा पाद्री

बातमीला घटना लागते, संघर्ष लागतो, चेहरा लागतो, चित्र लागते, आणि हे सारे संध्याकाळच्या आत लागते. धर्माचा रोजचा व्यवहार यांतले काहीच पुरवत नाही. रोज पहाटे प्रार्थना करणारी, आजाऱ्याच्या उशाशी बसणारी, उपास करणारी कोट्यवधी माणसे बातमी होत नाहीत, आणि ती व्हावीत असा माझा आग्रहही नाही; रोज घडणारी गोष्ट म्हणजे बातमी नव्हे, हे पत्रकारितेचे गणितच आहे. पण या गणिताचा एक परिणाम असा होतो की जो माणूस घटना, संघर्ष, चेहरा आणि चित्र हे सारे एकत्र बांधून आणून देतो, त्याच्यासाठी माध्यमांची दारे सताड उघडतात. तो किती लोकांचा प्रतिनिधी आहे, हे विचारण्याइतका वेळ कोणाजवळ नसतो.

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात गेन्सव्हिल नावाचे शहर आहे. तिथल्या एका छोट्या चर्चचे पाद्री टेरी जोन्स यांनी २०१० च्या उन्हाळ्यात जाहीर केले की येत्या ११ सप्टेंबरला आपण कुराणाच्या प्रती जाळणार आहोत. त्यांच्या मंडळीत जेमतेम पन्नास माणसे होती. सुरुवातीला हे फारसे कोणी मनावर घेतले नाही. पण तारीख जवळ येऊ लागली तशी एका वाहिनीची बातमी दुसरीने उचलली, दुसरीची तिसरीने, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या चर्चसमोर कॅमेऱ्यांची रांग लागली. अफगाणिस्तानातल्या अमेरिकी सैन्याच्या प्रमुखांनी धोक्याचा इशारा दिला, राष्ट्राध्यक्ष ओबामा त्यावर बोलले, आणि संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी या पाद्र्याला स्वतः फोन केला. शेवटी त्यांनी बेत रद्द केला. आठवड्याभरापूर्वी ज्यांचे नाव शेजारच्या शहरातही कोणी ऐकले नसेल, ते आता जगभर अमेरिकी ख्रिश्चनांचा चेहरा म्हणून दाखवले जात होते, आणि कोट्यवधी अमेरिकी ख्रिश्चनांना त्यावर काय वाटते हा प्रश्न तळटीपेपुरता उरला होता.

या गोष्टीचा दुसरा भाग कमी लोकांना आठवतो. २० मार्च २०११ रोजी त्याच चर्चमध्ये कुराणावर खटल्याचे नाटक रचून एक प्रत खरोखरच जाळण्यात आली. या वेळी अमेरिकी माध्यमांनी शहाणपण दाखवले आणि बहुतेकांनी तिकडे पाठ फिरवली. परंतु त्याची चित्रफीत इंटरनेटवर होती, आणि चार दिवसांनी अफगाणिस्तानचे अध्यक्ष हमीद करझाई यांनी जाहीर निषेध केल्यावर ती बातमी अफगाणिस्तानात घरोघर पोहोचली. १ एप्रिलला मझार-ए-शरीफ येथे संतप्त जमावाने संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर हल्ला केला आणि तिथले ७ कर्मचारी मारले गेले. त्यांच्यापैकी एकाचाही त्या चर्चशी काडीचा संबंध नव्हता.

पहिल्या वेळी माध्यमांनी जास्त दाखवले आणि दुसऱ्या वेळी कमी दाखवले, असा हिशेब मांडून प्रश्न सुटत नाही. दुसऱ्या वेळी त्या कृत्याला स्फोटक वजन आले, कारण ते पहिल्या वेळी चढवलेले होते. एकदा एखाद्याला धर्माचा प्रतिनिधी करून ठेवले की नंतर कॅमेरा वळवून ते प्रतिनिधित्व काढून घेता येत नाही.

डेन्मार्कच्या 'युलंड्स-पोस्टेन' या दैनिकाने ३० सप्टेंबर २००५ रोजी प्रेषित महंमदांविषयीची १२ व्यंगचित्रे छापली, तेव्हाही जग त्याच दिवशी पेटले नाही. दमास्कस आणि बैरूतमधल्या डॅनिश दूतावासांच्या इमारतींना आगी लागल्या त्या चार महिन्यांनी, फेब्रुवारी २००६ च्या सुरुवातीला. मधल्या काळात डेन्मार्कमधले काही इमाम मध्यपूर्वेत जाऊन आले. त्यांनी सोबत नेलेल्या कागदांमध्ये त्या दैनिकाने कधीच न छापलेली चित्रेही होती. काही सरकारांना या प्रकरणात आपापला राजकीय फायदा दिसला. 'व्यंगचित्रे छापली आणि दंगली उसळल्या' या एका वाक्यात ते चार महिने गडप होतात, आणि त्यांच्यासोबत ज्यांनी ज्यांनी निर्णय घेतले ती माणसेही गडप होतात. जे उरते ते असे दिसते, जणू एक धर्म यंत्रासारखा आपोआप भडकला.

याच प्रकरणात आणखी एक अडचण उघडी पडली. ब्रिटनमधल्या आणि अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या वृत्तपत्रांनी ती चित्रे पुन्हा छापली नाहीत. त्यामागची कारणे समजण्यासारखी होती. पण त्यामुळे वाचकांना अशा वादाविषयी मत बनवावे लागले, ज्याचा मूळ विषय त्यांनी पाहिलाच नव्हता. ईशनिंदेचे कठोर कायदे असलेल्या देशांत हा पेच याहून बिकट होतो. पाकिस्तानात असा आरोप झाला की आरोपीने नेमके काय म्हटले ते बहुधा बातमीत नसते, कारण ते शब्द पुन्हा छापणे हाच नवा आरोप ठरू शकतो. वाचकाला कळते की काहीतरी भयंकर बोलले गेले. ते भयंकर होते की नव्हते, हे ठरवायला त्याच्याजवळ काहीच नसते.

ओळखीचे कारण होते तेव्हा

आता मघाच्या भेदाकडे परत येऊ. अमेरिकेत २००६ ते २०१५ या काळात झालेल्या दहशतवादी हल्ल्यांच्या बातम्यांचा तिथल्या काही संशोधकांनी अभ्यास केला. मृतांची संख्या, लक्ष्य कोण होते, आरोपी पकडला गेला की नाही, अशा गोष्टींचा परिणाम वेगळा काढल्यावरही हल्लेखोर मुस्लिम असेल तर बातम्यांचे प्रमाण सरासरी ३५७ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यांना आढळले. यातली एकेक बातमी तपासली तर कदाचित ती अचूकच निघेल. एकही वाक्य खोटे न लिहिता वाचकाच्या मनातले प्रमाण किती बिघडू शकते, याचे हे उदाहरण आहे, आणि म्हणूनच बातमीतली चूक शोधताना केवळ ती बातमी वाचून भागत नाही. तिच्याबरोबर कोणती बातमी आली नाही हेही पाहावे लागते.

सद्हेतूनेही हा घोळ होतो. ५ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ओक क्रीक येथे गुरुद्वाऱ्यात शिरून एका वंशद्वेष्ट्याने गोळीबार केला आणि त्यात ६ जण जागीच मारले गेले. त्या दिवशी अनेक वाहिन्यांवर निवेदक शीख धर्माची ओळख करून देत होते, आणि ती करताना पुन्हा पुन्हा सांगत होते की शीख म्हणजे मुस्लिम नव्हेत. माहिती बरोबर होती. पण त्या प्रसंगी ती का सांगावीशी वाटली, याचा क्षणभर विचार केला की वाक्याच्या पोटातला दुसरा अर्थ दिसू लागतो: हल्लेखोराने जणू चुकीचा पत्ता गाठला, आणि बरोबर पत्ता गाठला असता तर गोष्ट थोडी समजण्यासारखी झाली असती. हा अर्थ कोणत्याही निवेदकाच्या मनात नसेल, पण तो वाक्यात होता.

उत्तर आयर्लंडमधला संघर्ष १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ च्या करारापर्यंत चालला आणि जगभरच्या बातम्यांत तो 'कॅथलिक विरुद्ध प्रॉटेस्टंट' असा ओळखला गेला. पोपचा अधिकार मान्य करावा की नाही यासाठी तिथे कोणी बॉम्ब ठेवत नव्हते. हा प्रदेश ब्रिटनमध्ये राहावा की आयर्लंडला जोडला जावा, घरे आणि नोकऱ्या कोणाला मिळाव्यात, पोलीस कोणाचे, असे ते प्रश्न होते. धर्माचे नाव तिथे वंश, वस्ती आणि राजकीय निष्ठा या तिन्हींच्या ऐवजी वापरले जाणारे लेबल होते. तरीही धर्माचा काहीच वाटा नव्हता असे म्हणणेही खोटे ठरेल, कारण शाळा, लग्ने आणि दफनभूमी वेगवेगळ्या ठेवण्याचे काम धर्मसंस्थाच करत होत्या. 'कारण की ओळख' या प्रश्नाचे उत्तर अनेकदा 'थोडे हे, थोडे ते' असे असते, आणि मथळ्यात 'थोडे' हा शब्द मावत नाही.

साचा कोणा एका धर्माविरुद्धच काम करतो असेही नाही. म्यानमारमधले बौद्ध भिक्खू २००७ मध्ये लष्करी राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले तेव्हा जगाच्या माध्यमांनी त्यांना शांततेच्या मूर्ती म्हणून रंगवले. गडद तांबडी वस्त्रे, अनवाणी पाय आणि समोर बंदुका, असे ते चित्रच इतके प्रभावी होते. सहाच वर्षांनी, २०१३ मध्ये, मुस्लिमांविरुद्ध चिथावणी देणाऱ्या विराथू या भिक्खूचा चेहरा एका अमेरिकी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आला, आणि बौद्ध दहशतीच्या बातम्या सुरू झाल्या. पहिल्या चित्रात भिक्खू माणूस नव्हता, दुसऱ्यातही नव्हता. मठांचा सरकारशी असलेला संबंध, राष्ट्रवाद, लष्कराचे हितसंबंध आणि भिक्खूंमधलेच मतभेद हे दोन्ही चित्रांच्या चौकटीबाहेर राहिले.

मग ओळख सांगूच नये का? मराठी वाचकाला 'दोन गटांत तणाव' हा मथळा चांगला परिचित आहे. दंगलीच्या बातमीत समाजांची नावे टाळावीत, म्हणजे दूरच्या गावात सूडाची भावना भडकत नाही, असा भारतीय पत्रकारितेतला जुना संकेत आहे, आणि त्यामागचा विचार जबाबदारीचा आहे. अडचण एवढीच की वाचक नाव गाळलेली जागा स्वतः भरतो, आणि आता तर मोबाइलवर ती भरून तयारच येते. शिवाय एका बाजूने मोठा अन्याय झाला असेल तर 'दोन गट' या शब्दांत अत्याचार करणारा आणि सोसणारा सारख्याच मापाने मोजले जातात. माझ्या मते, हिंसा चालू असताना नाव रोखून धरण्यात अर्थ आहे. ती शमल्यावर, चौकशीत आणि न्यायालयात, नाव रोखणे म्हणजे घटनेचा अर्थच रोखणे होय.

कोणाचा शब्द, किती शब्द

रोमन कॅथलिक चर्चची बातमी देणे इतर धर्मांच्या तुलनेत सोपे जाते, कारण तिथे एक प्रमुख आहे, उतरंड आहे, पत्रकार कक्ष आहे आणि अधिकृत निवेदने निघतात. बहुतेक धर्मांत असे काही नसते. सुन्नी इस्लाममध्ये सर्वांच्या वतीने बोलू शकेल असे एक पद नाही. हिंदू परंपरांत नाही. ज्यू धर्मात नाही. प्रॉटेस्टंट ख्रिश्चनांतही नाही. तरीही रात्रीच्या चर्चेसाठी वाहिनीला 'धर्माची बाजू मांडणारा' एक माणूस हवाच असतो, आणि तो अर्ध्या तासात उपलब्ध असावा, ठासून बोलणारा असावा, समोरच्याशी भांडणारा असावा अशी अपेक्षा असते. या चाळणीतून जो खाली पडतो तो त्या धर्माचा प्रवक्ता ठरतो. विचार करून, अडखळत, 'यावर आमच्यात मतभेद आहेत' असे सांगणारा अभ्यासक या चाळणीत अडकून राहतो, आणि स्त्रिया तर बहुधा बोलावल्याच जात नाहीत. त्यांच्या पोशाखाविषयी चर्चा असली तरीही.

बोलणारा योग्य असला तरी त्याचे किती शब्द पोहोचतात हा पुढचा प्रश्न आहे. १२ सप्टेंबर २००६ रोजी पोप बेनेडिक्ट यांनी जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग विद्यापीठात श्रद्धा आणि विवेकबुद्धी यांच्या नात्यावर एक लांबलचक विद्वत्तापूर्ण व्याख्यान दिले. त्यात त्यांनी मध्ययुगातला ख्रिश्चन बायझंटाइन सम्राट दुसरा मॅन्युएल याचे इस्लामविषयीचे कठोर वाक्य उद्धृत केले होते. जगभर बातमी गेली ती त्या एका वाक्याची, आणि अनेक ठिकाणी ते पोपचेच मत असल्यासारखी गेली. माध्यमांना दोष देताना दुसरी बाजूही पाहिली पाहिजे: ते वाक्य आपले नाही हे पोपनी भाषणात पुरेसे ठसठशीतपणे सांगितले नव्हते, आणि पुढे व्याख्यान छापताना त्यांना तसा खुलासा करणारी टीप जोडावी लागली. प्राध्यापकाचे व्याख्यान आणि पोपचे वक्तव्य यांतला फरक वक्ता विसरला, आणि मथळा लिहिणाऱ्याने तो मुळात पाहिलाच नाही.

त्यांच्यानंतरचे पोप फ्रान्सिस यांना या कात्रीचा वेगळा अनुभव आला. जुलै २०१३ मध्ये ब्राझीलहून परतताना विमानात पत्रकारांशी बोलताना समलिंगी धर्मगुरूंविषयीच्या प्रश्नावर ते म्हणाले की एखादी व्यक्ती समलिंगी असेल, ती परमेश्वराचा शोध घेत असेल आणि तिची भावना चांगली असेल, तर तिचा न्याय करणारा मी कोण? मथळ्यांत वाक्याचा शेवटचा तुकडा तेवढा राहिला. त्यामुळे चर्चची शिकवण बदलली असे अनेकांना वाटले, आणि ती बदलली नाही हे कळल्यावर त्यांना फसवल्यासारखे वाटले. खरे तर बदलला होता तो सूर, आणि चर्चच्या दृष्टीने तो बदलही मोठा होता. शिकवण, नियम, सूर आणि व्यवहार या चार वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्याला ठाऊक आहे तोच अशी बातमी नेमकी लिहू शकतो.

भीड

आतापर्यंतच्या चुका धर्माला भडक किंवा उथळ रंगवण्याच्या होत्या. याच्या उलट चूकही असते, आणि ती जास्त काळ लपून राहते: धर्मसंस्थेला प्रश्नच न विचारणे. धर्मगुरूंविषयी आदर, वाचक दुखावण्याची भीती, जाहिराती आणि मालकांचे संबंध यांमुळे जी तपासणी एखाद्या कारखान्याची किंवा महापालिकेची सहज होते, ती धर्मसंस्थेच्या वाट्याला येत नाही.

कॅथलिक धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांची बातमी म्हटली की 'बोस्टन ग्लोब'चे नाव निघते, आणि ते योग्यही आहे. या दैनिकाच्या शोधपथकाने ६ जानेवारी २००२ पासून जी मालिका छापली, तिने केवळ अत्याचार उघडे केले नाहीत, तर वरिष्ठांनी आरोपी धर्मगुरूंना एका ठिकाणाहून दुसरीकडे कसे हलवले आणि तक्रारदारांना गुपचूप पैसे देऊन कसे गप्प केले हे कागदपत्रांनिशी दाखवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोस्टनचे कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पद सोडावे लागले. मात्र अशा अत्याचारांचा राष्ट्रव्यापी वेध 'नॅशनल कॅथलिक रिपोर्टर' या कॅथलिक श्रद्धावंतांनीच चालवलेल्या पत्राने १९८५ मध्येच घेतला होता. सतरा वर्षे आधी घरातल्याच माणसांनी हाक मारली होती, आणि बाहेरच्या मोठ्या माध्यमांनी ती फारशी ऐकली नाही. दुसरीकडे, 'ग्लोब'मध्ये मोहोरबंद न्यायालयीन कागद खुले करून घेण्याचा आग्रह धरला तो मार्टिन बॅरन या नव्या संपादकांनी. ते २००१ मध्ये मायामीहून आले होते, बोस्टनचे नव्हते आणि कॅथलिकही नव्हते. आतल्याला काय चालले आहे ते माहीत असते, बाहेरच्याला विचारायची भीड नसते. ही बातमी पूर्ण होण्यासाठी दोघेही लागले.

भीड जीवघेणी ठरू शकते याचा दाखला जपानमध्ये आहे. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये टीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीने ओम शिनरिक्यो या पंथाविरुद्ध लढणाऱ्या एका वकिलाची मुलाखत चित्रित केली होती. पंथाचे लोक कार्यालयात येऊन तक्रार करू लागले तेव्हा कंपनीतल्या माणसांनी ती प्रसारणापूर्वीच त्यांना दाखवली आणि पुढे ती दाखवण्याचा कार्यक्रमही रद्द केला. वकिलांना यातले काहीच कळवले गेले नाही. त्यानंतर काही दिवसांतच, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पंथाच्या सदस्यांनी ते वकील, त्यांची पत्नी आणि लहान मूल यांची हत्या केली. त्याच पंथाने २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला. आपण मुलाखत दाखवली होती हे कंपनीने मान्य केले ते १९९६ मध्ये.

अलीकडे काही ठिकाणी माध्यमांनी आपला साचा आपणच बदलून पाहिला आहे. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरातल्या दोन मशिदींवर झालेल्या हल्ल्यात ५१ माणसे मारली गेली, आणि हल्लेखोराने ते कृत्य इंटरनेटवर थेट दाखवले. म्हणजे घटना, संघर्ष, चेहरा आणि चित्र हे सारे त्याने माध्यमांसाठी तयार करून ठेवले होते. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी त्याचे नाव आपण उच्चारणार नाही असे संसदेत सांगितले. त्यानंतर देशातल्या पाच प्रमुख माध्यमसंस्था, एरवीच्या प्रतिस्पर्धी, एकत्र आल्या आणि येऊ घातलेल्या खटल्याच्या वार्तांकनात त्याच्या वंशवादी विचारांना जागा मिळू नये यासाठी त्यांनी लेखी नियम ठरवले. या मर्यादेमुळे वाचकाला त्या विचारांचा धोका पुरता कळणार नाही, अशी शंका काही पत्रकारांनी घेतली, आणि ती गैरलागू नव्हती. पुढे मार्च २०२० मध्ये त्याने गुन्हा कबूल केल्यामुळे खटला उभाच राहिला नाही. ऑगस्टमध्ये शिक्षेसाठी चार दिवस सुनावणी झाली. स्वतःच्या वतीने बोलण्याची संधी त्याने घेतली नाही, आणि त्या चार दिवसांच्या बातम्या भरून राहिल्या त्या मशिदीत त्या शुक्रवारी नमाजासाठी आलेल्या माणसांच्या, त्यांच्या मुलांच्या आणि आईवडिलांच्या बोलण्याने.